डग्लसची साक्ष: एका गुलामाचं आत्मचरित्र चारचौघांत कसं वाचावं

अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ सालचं आत्मचरित्र तसं लहान आहे. ११ प्रकरणं, शेवटी एक परिशिष्ट आणि सुरुवातीला दोन गोऱ्या माणसांनी लिहिलेली पानं. एकट्याने बसलात तर दोन रात्रींत संपेल. तरी माझं आग्रहाचं सांगणं आहे की ते चारचौघांत, मोठ्याने, सावकाश वाचावं. आणि आपण एक साक्ष ऐकतो आहोत हे मनाशी धरून वाचावं. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या माळ्यावर शनिवारी संध्याकाळी आमचा गट ते असंच वाचतो. पुण्यात कुणाला आपल्या वस्तीत, सोसायटीत किंवा कॉलेजात असा गट सुरू करायचा असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

साक्ष म्हणते त्याला कारण आहे. माझी सारी नोकरी न्यायालयात स्टेनो म्हणून झाली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगायचा, "साहेब, त्यानं मला लई मारलं ओ." टाइप होऊन कागदावर यायचं, "मला मारहाण झाली." कुणी मारलं, कशानं, कुणासमोर, हे मग वकिलाला एकेक करून काढावं लागायचं. डग्लसला असं खोदून विचारावंच लागत नाही. मारणाऱ्याचं नाव, जागा, हत्यार, बघायला कोण होतं, हे तो आपणहून सांगतो. चौथ्या प्रकरणात ऑस्टिन गोर नावाचा मुकादम डेम्बी या गुलामाला गोळी घालतो. चाबकाच्या माराने बेजार झालेला डेम्बी ओढ्यात खांद्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला होता. गोरने तीन वेळा हाक मारली, तो बाहेर आला नाही, म्हणून बंदूक रोखली. हे सांगून डग्लस थांबत नाही. मी तिथून निघालो तेव्हा हा गोर टॅल्बट परगण्यात सेंट मायकल्सला राहत होता, जिवंत असेल तर अजूनही बहुधा तिथेच असेल, असं तो लिहितो. खुन्याचा पत्ता छापून टाकतो.

आणि त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की हा खून पाहणारे सगळे गुलाम होते, त्यांना ना फिर्याद करता येत होती ना गोरविरुद्ध साक्ष देता येत होती. पुढे दहाव्या प्रकरणात बाल्टिमोरच्या गोदीत गोरे कामगार त्याला डोळा फुटला असं वाटेस्तोवर मारतात. मालक त्याला घेऊन वॉटसन नावाच्या मॅजिस्ट्रेटकडे जातो. कुणी गोरा साक्ष द्यायला पुढे येत असेल तर बघू, असं उत्तर मिळतं. हजार काळ्या माणसांदेखत मला ठार मारलं असतं तरी त्या सगळ्यांची साक्ष मिळून एकाही खुन्याला पकडता आलं नसतं, असं डग्लस लिहितो. ज्याला कुठलाच पिंजरा खुला नव्हता त्याने आपली साक्ष छापून जगापुढे ठेवली. गट चालवणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी. एरवी माणसं हळहळायला बसतात, डोळे पुसतात आणि घरी जातात.

बैठकीची तयारी

गटात आठ-दहाच माणसं घ्या. आमच्याकडे विधी शाखेचा एक विद्यार्थी आहे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, नर्सिंगच्या दोन मुली आहेत आणि धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी आहेत. सगळ्यांचं इंग्रजी सारखं असायची गरज नाही. पुस्तकावर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो. तो मोठ्या अक्षरात, एका बाजूला समास सोडून छापून घ्या. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग तासाभरात करून मिळतं. मोबाइलवर वाचू नका. समासात लिहिता येत नाही आणि मध्येच कुणाचा तरी फोन वाजतो.

एकाने एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचा, दुसऱ्याने तो मराठीत सांगायचा. सांगताना एकच नियम कडक ठेवा: करणाऱ्याचं नाव गाळायचं नाही. "मग त्याला फटके बसले" असं कुणी म्हणालं की विचारायचं, कुणी मारले? पुस्तकात नाव आहे, ते घ्या. दोन-तीन बैठकींत सवय होते. शिवीसारखे शब्द येतात तिथे वाचणाऱ्याने क्षणभर थांबून पुढे जावं. ते कागदावर सगळ्यांना दिसतातच, तोंडाने म्हणायची जरुरी नाही.

भिंतीवर एक नकाशा लावा, हाताने काढलेला चालेल. मधोमध चेसापीक उपसागर, त्याच्या पूर्वेला मेरिलंडमधला टॅल्बट परगणा, त्यात टकाहो, ईस्टन, सेंट मायकल्स. उपसागराच्या पलीकडे वायव्येला बाल्टिमोर. पुस्तकातली जवळजवळ सगळी हालचाल या एवढ्याशा जागेत आहे. नकाशा नसेल तर लोकांच्या डोळ्यासमोर अमेरिका म्हणून कापसाची शेतं येतात, आणि हा माणूस तर मक्याच्या आणि गव्हाच्या मुलखातला, पुढे बंदरातला.

पहिलं प्रकरण: तीन रकाने

प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखायचे. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, आणि कळू दिलं गेलं नाही ते. न्यायालयात पहिल्या दोनांतला फरक रोजचा. तिसरा रकाना मी डग्लससाठी घातला, आणि पहिल्या दोन पानांत तोच भरतो. आपली जन्मतारीख त्याला माहीत नाही. गुलामांना आपलं वय घोड्याइतकंच माहीत असतं, असं तो म्हणतो. आपला बाप गोरा होता हे त्याने ऐकलंय. मालकच बाप होता अशी कुजबुजही ऐकलीय, पण ते खरं की खोटं हे मला ठाऊक नाही, कळण्याचं साधनच माझ्यापासून काढून घेतलं होतं, असं स्पष्ट लिहितो. किती सांभाळून बोलतो बघा. मालकाला बदनाम करायची एवढी सोन्यासारखी संधी, पण ऐकीव ते ऐकीव म्हणूनच मांडतो. ज्याचं ऐकीव असं वेगळं काढलेलं असतं, त्याच्या पाहिलेल्यावर विश्वास बसतो.

आईचा भाग इथेच येतो. हॅरिएट बेली. पोराला लहानपणीच तिच्यापासून तोडून आजीकडे ठेवलेलं, आणि तिला १२ मैलांवर दुसऱ्याच्या शेतावर कामाला लावलेलं. दिवसभर राबून रात्री ती चालत यायची, पोराला कुशीत घेऊन झोपवायची, आणि तो जागा व्हायच्या आत निघून जायची, कारण उजाडायला शेतावर नसेल तर चाबूक. आयुष्यात चार-पाच वेळाच ती त्याला दिसली, तीही रात्री. १२ मैल म्हणजे १९ किलोमीटर. शनिवारवाड्यापासून खडकवासल्याच्या धरणाच्याही थोडं पुढे, आणि तेवढंच परत. हे अंतर गटात मोठ्याने सांगा. आमच्या मावशी पहाटे चालतच कामाला निघतात, त्यांनी लगेच हिशेब केला: "म्हणजे ती झोपलीच नाही."

याच प्रकरणाच्या शेवटी डग्लसच्या हेस्टर मावशीला बांधून चाबकाने फोडून काढण्याचा प्रसंग आहे. तो अचानक कुणावर आदळू देऊ नका. आदल्या बैठकीत सांगून ठेवा, ज्याला नको असेल त्याने थोडं उशिरा यावं. तो प्रसंग बैठकीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घेऊ नका, नंतर बोलायला वेळ लागतो. मी तो मोठ्याने वाचून घेत नाही, प्रत्येकाने मनात वाचायचा. हे सगळं एका लहान मुलाने कपाटात दडून पाहिलंय, एवढं मात्र वहीच्या पहिल्या रकान्यात लिहून घ्यायचं.

पैशाचं पान

वहीच्या मागे एक पान फक्त पैशासाठी ठेवा. डग्लस आकडे देत जातो, आणि सुटे वाचले तर ते निसटतात. एका मोठ्या गुलामाला महिन्याला ८ पौंड डुकराचं मांस किंवा मासळी आणि एक बुशेल (सुमारे ३५ लिटरचं माप) मक्याचं पीठ. वर्षाचे सगळे कपडे, बूट-मोजे धरून, फार तर ७ डॉलरचे. मुलांना बूट नाहीत, विजार नाही, वर्षाला गुडघ्यापर्यंतचे दोन जाडेभरडे सदरे. हिवाळ्यात तो पिठाच्या गिरणीला जाणारं पोतं चोरून त्यात डोकं खुपसून झोपायचा, पाय उघडे राहायचे. थंडीने माझे पाय असे फाटलेत की आत्ता ज्या लेखणीने लिहितोय ती त्या भेगांत मावेल, असं वाक्य पाचव्या प्रकरणात आहे. तिथे थांबा. लिहिणारा हात आणि फाटलेला पाय एका ओळीत आणून ठेवलेत त्याने.

मग ११व्या प्रकरणापर्यंत ते पान भरत न्या. बाल्टिमोरला जहाजांच्या फटी बुजवायचं काम करून तो आठवड्याला ६-७ डॉलर मिळवायला लागतो. म्हणजे ज्याच्या वर्षाच्या कपड्यांना ७ डॉलर पुरत होते, तो एका आठवड्यात तेवढे कमावतोय, आणि दर शनिवारी ते सगळे मालकाच्या हातावर ठेवतोय. मालक ह्यू ऑल्ड पैसे मोजायचा आणि "एवढेच?" विचारायचा. ६ डॉलर दिले की कधीमधी त्यातले ६ सेंट परत द्यायचा, उत्तेजन म्हणून. हे वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हणजे सगळे ह्याचेच आहेत हे त्याला माहीत होतं." पुढच्याच ओळींत डग्लस तेच म्हणतो: ते ६ सेंट म्हणजे सगळ्या पैशावर माझा हक्क असल्याची कबुलीच मला वाटायची. अशा जागी पुढची ओळ वाचायची घाई करू नका. आधी माणसांना बोलू द्या.

त्याच पानावर माणसांची किंमतही येते. आठव्या प्रकरणात जुना मालक मेल्यावर वाटणीसाठी मोजदाद होते, तेव्हा बायका-पुरुष, पोरंटोरं, म्हातारी माणसं घोडे, मेंढ्या, डुकरं यांच्याबरोबर एका रांगेत उभी केली जातात.

अक्षरांची चोरी आणि खाल्लेले कागद

सहावं, सातवं आणि दहावं प्रकरण ही पुस्तकाची जान आहे. यांना वेळ द्या, बाकी कुठे घाई झाली तरी चालेल.

बाल्टिमोरला सोफिया ऑल्डने त्याला मुळाक्षरं शिकवली, तीन-चार अक्षरांचे शब्द शिकवले. नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने ते बंद पाडलं: याला वाचायला शिकवलंस तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. मालकाच्या तोंडून निघालेलं हे वाक्य पोराने उचललं. ज्याची त्याला एवढी भीती, तेच आपल्याला हवं. मग घरची भाकर खिशात घालून रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायची आणि बदल्यात धडे घ्यायचे. त्या पोरांची नावं सांगायचा मोह होतो, पण सांगत नाही, त्यांना त्रास होईल, असं तो लिहितो. हे वाचताना गटाला विचारा, गोरचा पत्ता देणारा माणूस इथे नावं का झाकतो?

लिहायला तो गोदीत शिकला. सुतार लाकूड तासून त्यावर खूण करायचे. जहाजाची डावी बाजू (लार्बोर्ड) एल, उजवी (स्टारबोर्ड) एस. डावी पुढची एल एफ, उजवी मागची एस ए. आधी ही चारच अक्षरं गिरवली. मग पोरांना म्हणायचा, मला तुझ्याइतकंच लिहिता येतं, बघ. आणि पोरं ईर्ष्येने जास्तीची अक्षरं काढून दाखवायची. पाटी म्हणजे कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. बारा वर्षांच्या सुमाराला त्याने ५० सेंट देऊन भाषणांचं एक शालेय पुस्तक विकत घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता, तिसऱ्यांदा पळून पकडला गेलेला गुलाम वाद घालून मालकाला निरुत्तर करतो. त्या संवादाची आठवण ठेवा, शेवटच्या बैठकीत लागेल.

ही चोरलेली अक्षरं दहाव्या प्रकरणात कामाला येतात. ईस्टरच्या आदल्या रात्री होडीतून उपसागराच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथून ध्रुवतारा धरून उत्तरेला, असा पाच-सहा जणांचा बेत. डग्लस प्रत्येकाला मालकाच्या नावाचा परवाना लिहून देतो: हा माझा नोकर, सणासाठी बाल्टिमोरला जायची याला मुभा आहे. कुणीतरी फितूर होतं. सकाळी हवालदार येतात. हेन्री हॅरिस हात बांधून घ्यायला नकार देतो, पिस्तुलं रोखली जातात, आणि त्या झटापटीत डग्लस आपला परवाना गुपचूप चुलीत टाकतो. पण बाकीच्यांचे कागद अंगावरच. निघताना घरच्या म्हाताऱ्या मालकिणीने हेन्री आणि जॉनला बिस्किटं दिलेली असतात. वाटेत हेन्री विचारतो, परवान्याचं काय करू? डग्लस सांगतो, बिस्किटाबरोबर खाऊन टाक, आणि काहीही कबूल करू नकोस. हाच निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातो: काहीही कबूल करायचं नाही. घोड्यांमागून १५ मैल फरफटत ते ईस्टनच्या तुरुंगात पोचतात, आणि पोटात गेलेल्या कागदांचा पुरावा कुणाला सापडत नाही.

हा भाग एका माणसाकडून वाचून घेऊ नका. डग्लस, हेन्री, हवालदार, मालकीण अशी वाटणी करा. आमच्या काकांनी हेन्रीचं "मला एकदाच मारू शकता" हे वाक्य म्हटलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे ग्रंथपाल वर येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकत थांबले.

त्याआधीची कोव्हीशी, म्हणजे गुलामांना वठणीवर आणणारा म्हणून नाव असलेल्या आणि डग्लसला भाड्याने घेतलेल्या शेतकऱ्याशी, झालेली मारामारी सगळ्यांना आवडते आणि ती आवडायलाच हवी. माणूस गुलाम कसा केला जातो ते तुम्ही पाहिलंत, आता गुलाम माणूस कसा होतो ते पाहा, असं सांगून डग्लस ती मांडतो. जवळजवळ दोन तास झुंज. पण बिलकडे लक्ष वेधा. बिल हाही भाड्याने आणलेला गुलाम. कोव्ही ओरडतो, धर याला! बिल म्हणतो, माझ्या मालकाने मला इथे कामाला पाठवलंय, याला मारायला मदत करायला नव्हे, आणि बाजूला राहतो. दोन ओळींत बिल येतो आणि जातो. त्याने हात लावला असता तर पुढचं पुस्तक झालं नसतं.

जे सांगितलं नाही ते

११व्या प्रकरणाला लोक एकाच उत्सुकतेने येतात, पळाला कसा? डग्लस सांगत नाही. ३ सप्टेंबर १८३८ ला बाल्टिमोर सोडलं आणि न्यूयॉर्कला पोचलो, एवढंच. कारणं मात्र देतो: सांगितलं तर मदत करणारे गोत्यात येतील आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल. मालकाला अंधारात चाचपडू दे. गट चालवणाऱ्याने इथे लगेच उत्तर देऊ नये. आठवडाभर सगळ्यांना कुतूहल बाळगू द्या. पुढच्या बैठकीत मग सांगा की १८८१ मध्ये, कुणालाही धोका उरला नाही तेव्हा, त्याने ते लिहिलं: अंगावर खलाशाचे कपडे, खिशात दुसऱ्या माणसाकडून घेतलेले खलाशाचे कागद, वर गरुडाचं चिन्ह. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. रेल्वेच्या कंडक्टरने गरुड पाहिला आणि पुढे गेला. एका दिवसाच्या आत न्यूयॉर्क.

याच बैठकीत ॲना मरेबद्दल बोला. ती बाल्टिमोरमधली स्वतंत्र काळी स्त्री, घरकाम करणारी, पळून जायला तिने आपल्या पुंजीतून मदत केली. पुस्तकात ती फक्त लग्नाच्या वेळी येते. १५ सप्टेंबर १८३८ च्या लग्नाचा दाखला त्याने पूर्ण छापलाय. तिला लिहिता येत नव्हतं, तिची साक्ष कुणी घेतली नाही. मुलगी रोझेटा हिने १९०० साली आईच्या आठवणी सांगितल्या, त्यावरून बरंच कळतं. मला स्वतःला हा या आत्मचरित्रातला सर्वांत मोठा रिकामा रकाना वाटतो, आणि गटातल्या बायकांनी तो दर वेळी न सांगता ओळखलाय.

उलटतपासणी आणि जामीनदार

सुरुवातीची दोन पानं, म्हणजे गुलामीविरोधी चळवळीतले पुढारी विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचं पत्र, सगळ्यात शेवटी वाचा. साक्षीदाराआधी जामीनदाराचं ऐकायचं कशाला? पण वाचा जरूर, कारण काळ्या माणसाच्या शब्दाला गोऱ्याची हमी का लागत होती हे तिथे दिसतं. डग्लस १८४१ पासून सभांत बोलत होता, आणि इतकं चांगलं बोलणारा माणूस गुलाम असेलच कसा, असं लोक म्हणत होते. पुस्तकात त्याने खरी नावं घातली ती त्यासाठी. त्यामुळे पकडला जाण्याचा धोका वाढला आणि पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांत त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावं लागलं.

उलटतपासणीही झाली. ए. सी. सी. थॉम्पसन नावाच्या, त्याच भागात राहिलेल्या गोऱ्याने वर्तमानपत्रात लिहिलं की हे सगळं खोटं, मी या फ्रेडरिक बेलीला (डग्लसचं गुलामीतलं नाव) ओळखत होतो, त्याला असं पुस्तक लिहिता येणं शक्य नाही. पुस्तकातल्या मालकांची त्याने सज्जन म्हणून बाजू घेतली. डग्लसने १८४६ च्या जानेवारीत स्कॉटलंडहून उत्तर दिलं आणि त्याचे आभार मानले: मी तिथे गुलाम होतो, हे लोक तिथे होते, हे तुम्हीच सिद्ध केलंत. मी न्यायालयात कित्येक वकिलांची उलटतपासणी टाइप केली आहे, विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराकडून आपली बाजू इतकी स्वच्छ काढून घेतलेली क्वचित पाहिली. विधी शाखेच्या मुलाला हे पान एवढं आवडलं की त्याने ते कॉलेजच्या सूचना फलकावर लावलं.

१८४६ मध्येच इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी १५० पौंड भरून त्याची सुटका कायद्याने करून घेतली. हा आकडा पैशाच्या पानावर जातो. माणूस विकत घेऊन सोडवणं म्हणजे माणसाच्या विक्रीला मान्यता देणं नव्हे का, असा वाद तेव्हा चळवळीतच झाला. तो तुमच्याही गटात होईल, होऊ द्या.

पुढचा इतिहास एका बैठकीत फळ्यावर मांडता येतो. डिसेंबर १८४७ पासून रॉचेस्टरहून त्याचं स्वतःचं वर्तमानपत्र. १८४८ ला सेनेका फॉल्सच्या परिषदेत बायकांच्या मताधिकाराला पाठिंबा. १८५० चा पळालेले गुलाम पकडून देण्याचा कायदा, ज्याने उत्तरेतही कुणी सुरक्षित राहिलं नाही. राज्यघटना गुलामीच्या बाजूची की विरुद्ध, यावरून गॅरिसनशी फारकत. १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांवर गुलाम. उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध. १ जानेवारी १८६३ चा लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा, जो बंडखोर राज्यांपुरताच होता. डग्लसचं मेरिलंड त्यात नव्हतं, तिथे गुलामी संपली १ नोव्हेंबर १८६४ ला राज्याच्या नव्या घटनेने. सगळ्या देशासाठी डिसेंबर १८६५, राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती. डग्लसची दोन मुलं काळ्या शिपायांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून ७. डग्लस हा प्रश्न घेऊन लिंकनला भेटला. समान पगार १८६४ मध्ये झाला. हेही पैशाच्या पानावर.

गंज पेठेतली बैठक

फुल्यांचं नाव पहिल्या आठवड्यापासून कुणी ना कुणी काढणारच. पुण्यात ते स्वाभाविक आहे, पण थांबवा. मेरिलंड आधी मेरिलंड म्हणून समजू द्या. लिलाव, मालकी हक्क, आई-मुलांची विक्री याचा कायदा तिथला होता, त्याची तुलना घाईने केली तर दोन्हींकडचं खरं दुखणं पुसट होतं. शेवटची बैठक मात्र गंज पेठेतल्या फुले वाड्यात घ्या, विहिरीजवळ. १८६८ साली जोतिरावांनी ज्यांना पाणी नाकारलं जायचं त्यांच्यासाठी खुला केलेला हा हौद-विहिरीचा परिसर.

तिथे 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचा. १८७३ चं पुस्तक, अमेरिकेत गुलामी संपल्यावर आठ वर्षांनी निघालेलं, आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं. आपल्या देशबांधवांनी शूद्र भावांच्या सुटकेसाठी तोच कित्ता गिरवावा ही इच्छा त्यात आहे. मग जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातलं एखादं पान दोघांत वाटून वाचा. आता त्या ५० सेंटच्या पुस्तकातला मालक-गुलामाचा संवाद आठवा. प्रश्नोत्तरातून बुद्धी सोडवायची ही रीत बाल्टिमोरच्या पोराच्या हाती लागली होती, आणि पुण्यात जोतिरावांनी तीच निवडली.

त्यानंतर मुक्ता साळवेचा निबंध. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचं लेखन छापून आलं, डग्लसचं दुसरं आत्मचरित्र निघालं त्याच वर्षी. मांग-महारांना इमारतीच्या पायात तेलशेंदूर पाजून पुरत, तालमीपुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्यांच्या डोक्याचा चेंडू करत, असं ती बाजीराव पेशव्याच्या काळाबद्दल लिहिते. तीन रकान्यांची वही इथेही काढा. बाजीरावाचा काळ तिने पाहिलेला नाही, तो तिने आपल्या माणसांकडून ऐकलेला आहे. तो दुसऱ्या रकान्यात जाईल. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे मात्र ती आपल्या डोळ्यासमोरचं सांगते, आणि ते पहिल्या रकान्यात. गुलटेकडीला आता मार्केट यार्ड आहे. आमच्या मावशींची जाऊ तिथेच कांद्याच्या गाळ्यावर आहे. त्या निबंधाची प्रत मागून घेऊन गेल्या, जावेला वाचून दाखवायला.

यानंतर कुणाला स्वतःचं काही लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, सक्ती नको. नियम डग्लसचेच: नाव, जागा, वर्ष, रक्कम, ऐकीव ते वेगळं, आणि ज्याला सांगून धोका होईल त्याचं नाव झाकायचं. दोन पानांच्या वर नको. ज्याला वाचून दाखवायचं असेल त्याने वाचावं, फोटो काढायचे नाहीत, व्हॉट्सॲपवर काही जाणार नाही हे आधीच सांगून ठेवा. वह्या ज्याच्या त्याच्या घरी जातात, गटाने त्या गोळा करायच्या नाहीत.